ताडोबाच्या आधी दाजीपूर, अणशी, मोले

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सुट्टी जवळ आली की आपल्या दैनिकात सहल कंपन्यांच्या जाहिराती सुरू होतात. ताडोबा, बांदीपूर, काझीरंगा. वाघाचा फोटो आणि खाली ‘माणशी फक्त’ असे लिहून एक आकडा. पाच माणसांच्या घराने त्या आकड्याला पाचाने गुणले की जाहिरातीचे पान मुकाट्याने मिटले जाते आणि मुलांची सुट्टी मामाच्या गावी जाते. मामाचे गाव वाईट नाही. पण बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या माणसाला राष्ट्रीय उद्यान बघायला नागपूरच्या पुढे किंवा म्हैसूरच्या पलीकडे जावे लागते, हा समज मात्र दूर व्हायला हवा. बेळगावपासून दोनशे किलोमीटरच्या आत तीन राज्यांची तीन राष्ट्रीय उद्याने आहेत: कर्नाटकात अणशी, गोव्यात मोले, महाराष्ट्रात चांदोली. शिवाय राधानगरी (म्हणजेच दाजीपूर), भीमगड, म्हादई ही अभयारण्ये. या जंगलांत जाण्याचा खर्च नेमका कुठे वाढतो आणि तो कसा आवरायचा, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

पहिली गोष्ट, प्रवेशशुल्क हा खर्चातला सगळ्यात लहान भाग असतो. पैसा जातो गाडीत आणि मुक्कामात. भाड्याच्या गाडीचा हिशेब बहुतेकांना माहीत असतो, पण सहल आखताना लक्षात राहत नाही. किलोमीटरचा दर काहीही ठरवा, गाडीवाला दिवसाला किमान अडीचशे ते तीनशे किलोमीटर धरतो आणि मोजणी त्याच्या दारापासून त्याच्या दारापर्यंत असते. बेळगाव ते दाजीपूर निपाणीवरून दीडशेच्या थोडे पुढे भरते. जाऊन-येऊन तीनशे दहा धरा. एका दिवसात उरकले तर किमान आकड्याच्या आसपासच बिल होते. एक रात्र राहिलात की गाडी जाग्यावर उभी असली तरी दोन दिवसांचे पाचशे ते सहाशे किलोमीटर लागतात, वर चालकाचा रात्रीचा भत्ता. म्हणजे मुक्कामाची खोली स्वस्त मिळवली आणि गाडीने ते पैसे परत खाल्ले, असे होते. राहायचे असेल तर गाडी नुसती सोडायला ठरवा, परतीला एसटी धरा. किंवा स्वतःची गाडी असेल तर तीच काढा. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या गाडीला तीनशे दहा किलोमीटरला एकवीस लिटरच्या आत पेट्रोल लागते. निपाणीलाच राधानगरीकडे वळल्यामुळे वाटेत हत्तरगीचा एकच टोलनाका येतो, कोगनोळीचा चुकतो.

शेजाऱ्याची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन नेणे हा आपल्याकडचा आवडता उपाय. तो करू नये. हद्दीवर तपासणी झाली तर दंड होतो ही लहान गोष्ट. खासगी गाडी भाड्याने चालवत होता असे निघाले तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते, ही मोठी. पिवळ्या पाटीची गाडी ठरवतानाही एक प्रश्न आधी विचारावा: दुसऱ्या राज्याचा परमिट कर भाड्यात धरला आहे की वेगळा? गोव्याला किंवा कोल्हापूरकडे निघालेली सहल सकाळी सात वाजता नाक्यावर अडकते ती याच वादामुळे. ठरलेले सगळे, टोल आणि भत्त्यासकट, मोबाईलवर लिहून घ्यावे.

बसने जाणाऱ्यांसाठी सीमाभागात एक सोय आहे, आणि तिचा फायदा फार थोडे लोक घेतात. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली राज्यातल्या रहिवासी महिलांना साध्या आणि एक्स्प्रेस सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे. आई, आजी, मुलगी, वडील आणि दहा वर्षांचा मुलगा असे घर धरा. अणशीच्या बाजूला दांडेलीला जायचे तर तिघींचे शून्य तिकीट, वडिलांचे पूर्ण, मुलाचे अर्धे: पाच माणसांचे दीड तिकीट! दाजीपूरला जायचे तर बेळगावहून थेट कोल्हापूरच्या आंतरराज्य बसमध्ये बसू नका, तिथे शक्ती चालत नाही. निपाणीपर्यंतची बस धरा. तिथून मुदाळ तिट्ट्यापर्यंत एसटी, पुढे राधानगरीकडे बदल. यात एक मेख आहे. शक्तीसाठी ओळखपत्रावर कर्नाटकातला पत्ता लागतो. सासर बेळगावात आणि आधारवर अजून माहेरचा गडहिंग्लजचा पत्ता, अशा बायका आपल्याकडे घरटी एक सापडतील. त्यांना तिकीट काढावे लागते आणि ते वाहकाशी वाद घालून टळत नाही. सुट्टीच्या महिनाभर आधी पत्ता बदलून घ्यावा.

आता केव्हा जायचे. पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, व्याघ्र प्रकल्पांचे गाभाक्षेत्र बंद असते. गोव्यातल्या दूधसागर धबधब्याकडे जाणारी जीपही पावसात बंद राहते, ऑक्टोबरात सुरू होते. आपल्या मुलांच्या शाळांना कर्नाटकच्या वेळापत्रकाप्रमाणे दसऱ्याला मोठी सुट्टी मिळते आणि उन्हाळ्याची सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लागते. पुण्या-कोल्हापूरच्या शाळा तेव्हा अजून चालू असतात. हा आपला खरा फायदा. एप्रिलच्या मध्यात मधल्या वारी दाजीपूरला किंवा चांदोलीला गेलात तर खोल्या रिकाम्या असतात, भावही बोलता येतो. मे उजाडला की तीच खोली मागाल त्या दराला जाते. दसऱ्याची सुट्टी दिसायला सोयीची, पण तेव्हा गवत छातीएवढे असते आणि पाणी सगळीकडे, त्यामुळे जनावर पाणवठ्यावर येत नाही. दसऱ्याला झरे, धबधबे, पक्षी बघायला जावे. जनावर बघायचे असेल तर फेब्रुवारी ते मेचा मध्य. प्रत्येक ठिकाणाला आठवड्याची एक सुट्टी असते आणि तिचा वार ठिकाणागणिक वेगळा. निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून तेवढे एक विचारले तर फाटकावरून परत यावे लागत नाही.

आणि वाघाचे. काळी व्याघ्र प्रकल्प (२००७ साली दांडेली-अणशी नावाने झाला, २०१५ मध्ये नाव बदलले) आणि चांदोली व कोयना मिळून २०१० मध्ये झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, दोन्हीकडे वाघ आहे, पण थोडा, आणि दिसत नाही म्हटले तरी चालेल. ताडोबाचे जंगल उघडे, पानगळीचे. उन्हाळ्यात दूरवर नजर जाते. आपले जंगल सदाहरित, रस्त्यापासून दहा हातांवर गवा उभा असला तरी नुसता कान हललेला दिसेल. म्हणून इथे दुसरी, तिसरी सफारी घेण्यात पैसे घालू नयेत. एक पुरे, तीही पहाटेची. मुलांना आधीच सांगून ठेवावे की गवा, शेकरू, धनेश, भेकर बघायला निघालोय. वाघाचे आमिष दाखवून नेलेले मूल पहिल्या अर्ध्या तासात कंटाळते आणि मग सगळ्यांना कंटाळवते.

जीप सफारीचा दर बहुधा गाडीवर असतो, माणसावर नाही. दूधसागरला गोव्यातल्या कुळे गावाहून निघणाऱ्या जीपमध्ये सात जण बसतात. पाच जणांच्या घराने एकटी जीप घेतली तर दोन रिकाम्या जागांचे पैसे आपल्याच खिशातून गेले. रांगेत मागे-पुढे विचारले तर दोघे जण हटकून मिळतात. लाइफ जॅकेटचे भाडे निराळे. जंगलात जाताना मोठ्या कॅमेऱ्याचे शुल्कही बऱ्याच ठिकाणी वेगळे घेतात, त्यामुळे घरात कुणी खरोखर फोटो काढणारे नसेल तर भाच्याचा कॅमेरा उसना घेऊ नये.

दूधसागरचे इथेच सांगून टाकतो, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. धबधबा ३१० मीटर उंच, भगवान महावीर अभयारण्यात, मोले राष्ट्रीय उद्यानाला लागून. कॅसलरॉक ते कुळे हा घाट रेल्वेने उतरताना सदतीसास एक, म्हणजे सदतीस मीटरला एक मीटर, असा चढ-उतार आहे आणि गाडीतून धबधबा दिसतो. लोंढ्याहून कुळ्याला रेल्वेने जाणे हाच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात देखणा रस्ता. परंतु त्या मार्गावर गाड्या मोजक्या. परतीची गाडी आधी बघावी, मग जायची. दूधसागर थांब्यावर उतरून रुळावरून चालत जाण्याचा सल्ला अजूनही लोक एकमेकांना देतात. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. आणि बोगद्यात मागून इंजिन आले तर अंग चोरायला जागा नसते. कुळ्याहून जीप जंगलातून दहा-बारा किलोमीटर जाते, ओढे ओलांडते, आणि शेवटचा सुमारे किलोमीटर दगडगोट्यांतून पायी असतो. आजीचे गुडघे धरलेले असतील तर त्यांना मोल्यातच बसवावे, उगाच भरीस पाडू नये. डिसेंबरच्या सुट्टीत सकाळी आठनंतर पोचलात तर दिवसभराच्या जीपा संपलेल्या असू शकतात. येताना अनमोडच्या अबकारी नाक्यावर डिकी उघडावी लागते, एवढे ज्याचे त्याने समजून घ्यावे.

दांडेली भागात पैसे वाचवायचे तर ‘पॅकेज’ या शब्दापासून लांब राहावे. माणशी दरात रॅफ्टिंग, झिपलाइन, बोटिंग सगळे घातलेले असते. सहा वर्षांचे मूल आणि सत्तर वर्षांची आजी रॅफ्टिंग करत नाहीत, पण त्यांचे पैसे त्यात भरलेले असतात. खोली आणि जेवण वेगळे मागा, बाकीचे हवे तर वेगळे. गणेशगुडीचे रॅफ्टिंग सुपा धरणातून सोडलेल्या पाण्यावर अवलंबून असते. पाणी सोडले नाही तर ते होत नाही, आणि पॅकेजातले त्याचे पैसे परत मिळवताना तोंडाला फेस येतो. वन खात्याची निसर्ग शिबिरे हा बरा पर्याय: दांडेलीपासून बाराएक किलोमीटरवर कुळगी, पुढे अणशी, आणि आपल्या खानापूर तालुक्यात हेमाडगा. तंबू किंवा साधी खोली, साधे जेवण, पहाटे धनेशाचा आवाज. आरक्षण संकेतस्थळावरून होते. वन खात्याच्या नावासारखीच नावे घेऊन बसलेली खासगी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. पत्त्याच्या शेवटी सरकारी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का ते बघितल्याशिवाय पैसे भरू नयेत. ज्या ओळखपत्रावर आरक्षण, तेच मूळ कार्ड सोबत हवे. मोबाईलमधला फोटो चालेल या भरवशावर राहू नये. धनेश बघायचा असेल तर सफारीचीही गरज नाही. दांडेलीच्या सरकारी लाकूड डेपोच्या परिसरात आणि गणेशगुडीच्या आसपास सकाळी साडेसहा ते आठ उभे राहिले तर मलबारी कवड्या धनेश डोक्यावरून जातो, पंखांचा फसफस आवाज करत, जुन्या वाफेच्या इंजिनासारखा.

भीमगडबद्दल थोडे वेगळे सांगावे लागते. २०११ मध्ये जाहीर झालेले १९० चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य आहे, राष्ट्रीय उद्यान नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात चराईलाही मनाई असते. अभयारण्यात लोकांचे काही हक्क चालू राहू शकतात. म्हणून आत गावे आहेत, वस्तीचे रस्ते आहेत. गावाचा रस्ता आहे म्हणजे जंगल खुले आहे, असा अर्थ काढून रविवारी मोटारसायकली घालणाऱ्यांवर गुन्हे दाखल होतात, आणि व्हायलाच हवेत. बारापेडे गुहेत रॉटनचे वटवाघूळ राहते. या जातीची शास्त्रीय नोंद प्रथम इथूनच झाली आणि जगात तिची ठिकाणे बोटांवर मोजण्याइतकी. ती गुहा सहलीची जागा नाही. कुणी ‘वाटाड्या आहे, दाखवतो’ म्हणाला तर त्याला नमस्कार करावा.

राधानगरी, म्हणजे दाजीपूरचे अभयारण्य, महाराष्ट्रातले सर्वांत जुने, १९५८ चे. कोल्हापूर संस्थानचे हे शिकारीचे रान. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने इथूनच सुरुवात करावी असे आमचे मत. रस्ता सरळ, निपाणी-देवगड राज्यमार्गच दाजीपूरवरून फोंडा घाटाकडे जातो. मुक्काम दाजीपुरात न करता तीस किलोमीटर अलीकडे राधानगरी गावात केला तर निम्म्या पैशांत भागते, आणि गावात चहा, औषध, रॉकेलचा स्टोव्ह सगळे मिळते. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, सकाळ-संध्याकाळ गव्यांचा कळप चरायला येतो. गवा शांत दिसतो म्हणून जीपमधून उतरून सेल्फी घेणाऱ्यांना एवढेच सांगणे की, हजार किलोच्या जनावराला वळायला दोन क्षण लागतात. एकटा नर रस्त्यात उभा असेल तर इंजिन चालू ठेवून थांबावे. हॉर्न आणि प्रखर दिवा, दोन्ही नको.

सामानाचे. पाणी माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात अडीच. पाच जणांना दहा-बारा लिटर, आणि तेही बाटल्यांत नको, कारण प्लास्टिक फाटकावरच काढून घेतात. पाच लिटरचे दोन कॅन आणि स्टीलचे तांबे न्यावेत. दशम्या दोन दिवस टिकतात, जोंधळ्याची कडक भाकरी आठवडाभर. सोबत शेंगाची चटणी, चिरमुऱ्याचा चिवडा, गूळ. कांदा घरून चिरून नेऊ नका, वास सुटतो. खाणे फाटकाबाहेर. जंगलात डबा उघडला की माकडे गोळा होतात आणि पुढच्या सहलीतल्या मुलाच्या हातावर ओरखडे काढतात. रेंज जाते, त्यामुळे फोनपेने पैसे देऊ म्हणणारा फाटकावर अडतो. दोन-तीन हजार रोख, त्यातही शंभर-पन्नासच्या नोटा. टाकी निपाणीत किंवा खानापुरात भरून घ्यावी. दुर्बीण एकच पण बरी हवी: आठ बाय बेचाळीसची. आठ म्हणजे आठपट मोठे, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जत्रेत मिळते ती वीसपट वाली घेऊ नका. हात जितका हलतो त्याच्या वीसपट चित्र हलते, मुलाला काही दिसत नाही, डोळे दुखतात आणि ती दुर्बीण पुढच्या सहलीला कपाटावरच राहते.

एक गोष्ट जाहिरातीत कधी नसते, ती म्हणजे माकडताप. १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरला प्रथम ओळखला गेलेला हा विषाणूजन्य ताप उत्तर कन्नड, खानापूर, सत्तरी, दोडामार्ग या पट्ट्यात आढळतो. तो गोचिडीच्या चावण्याने होतो आणि त्याचा हंगाम डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपल्या सहलीचा. घाबरून घरी बसण्याचे कारण नाही. पॅंट मोज्यात खोचावी, पालापाचोळ्यावर बसू नये, मेलेल्या माकडाजवळ जाऊ नये आणि तसे दिसले तर वन कर्मचाऱ्याला सांगावे. मुक्कामावर परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि मुलांच्या कानामागे, काखेत, कमरेच्या नाडीखाली बोट फिरवून बघावे, गोचीड तिथेच दडते. परतल्यावर तीन ते आठ दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना ‘जंगलात जाऊन आलो’ हे आपणहून सांगावे. ते विचारतीलच असे नाही.

ज्यांना एवढेही एकदम जमणार नाही, किंवा मुले दोन तास गप्प बसतील याची खात्री नाही, त्यांनी हिवाळ्यातल्या एका रविवारी मिरज मार्गावरच्या रेल्वेने घटप्रभा गाठावे. स्टेशनपासून जवळच धूपदाळचा बंधारा आणि पक्षी अभयारण्य. नोव्हेंबर ते मार्चमध्ये करकोचे, बदके असतात. सकाळी जाऊन दुपारी परत, पाच जणांचा खर्च एका सिनेमाच्या तिकिटांपेक्षा कमी. तिथे मूल दुर्बिणीला डोळा लावून दहा मिनिटे टिकले तर एप्रिलमध्ये दाजीपूर आखावे. नाही टिकले तर एक वर्ष थांबावे, पैसे वाचले.

आता आपल्याकडे आणि वन खात्यांकडे मागणे. तीन राज्यांची तीन वन खाती, तीन वेळापत्रके, तीन दरपत्रके. सीमाभागातला वाचक ती एका ठिकाणी कुठेच बघू शकत नाही. आपल्या दैनिकाने दरवर्षी १ ऑक्टोबरला आणि १० एप्रिलला पाव पानाचा एक चौकोन छापावा: कोणते फाटक उघडे, साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, माणशी व गाडीमागे दर किती, सफारीची वेळ कोणती, फोन कोणाला करायचा. वार्ताहरांनी पाच कार्यालयांना फोन केला तर एका दिवसाचे काम आहे. आणि बेळगाव व खानापूर बसस्थानकावर वन खात्याने दरांचा एक फलक कन्नडबरोबर मराठीतही लावावा. तो वाचून माणूस आधीच हिशेब करून निघतो आणि फाटकावरच्या शिपायाचाही अर्धा वाद कमी होतो. फलक लावताना दर रंगाने लिहू नयेत, खडूने लिहायची काळी पट्टी ठेवावी. दर बदलतात, फलक दहा वर्षे तसाच राहतो.

कळावे,
खानापूर-बेळगाव परिसरातील रानवाटा तुडवणारे काही वाचक